माती कुटण्याआधी तिची घडण पाहावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

५ डिसेंबरला जागतिक मृदा दिन झाला. त्यानिमित्ताने आमच्या गावात शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका मिळाल्या, माती परीक्षणाचे महत्त्व सांगणारे भाषण झाले, आणि आपल्या दैनिकाच्या कृषी पानावरही ही पत्रिका कशी वाचावी व तिच्यावरून खतांच्या मात्रा कशा ठरवाव्यात याची नेमकी माहिती आली. ते कात्रण मी जपून ठेवले आहे. परंतु मातीच्या ज्या गुणापाशी आमच्या भागातील शेती आज खरोखर अडली आहे, त्याचा उल्लेख या सगळ्यात कुठेच आला नाही. तो गुण म्हणजे मातीची घडण. त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. आपण जागा द्याल अशी आशा आहे.

शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठापासून दोन-अडीच किलोमीटरवर आमची साडेचार एकर काळी, खोल जमीन आहे. गेली बावीस वर्षे ती मी स्वतः पाहते. पीक मुख्यतः ऊस, मध्ये कधी सोयाबीन, कधी हरभरा. माझ्या पत्रिकेवरील आकडे वाईट नाहीत. सामू (पीएच) आठच्या थोडा वर आहे, क्षारता मर्यादेत आहे, पालाश भरपूर आहे, सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे आमच्या शिवाराच्या मानाने बरा आहे. असे असूनही त्याच जमिनीत, त्याच को ८६०३२ जातीचा, त्याच खतांवर वाढवलेला खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेले पीक, यंदा अर्ध्या रानात एकरी बारा टनांनी कमी उतरला. पत्रिकेवर याचे उत्तर नव्हते, आणि असणारही नव्हते.

२०१५ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत १२ बाबी तपासल्या जातात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, मंगल (मँगनीज), तांबे, बोरॉन, सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब. या तपासणीसाठी नमुना कसा तयार करतात, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा खड्डा घेऊन वरच्या १५-२० सेंटीमीटरमधील माती काढायची, सावलीत वाळवायची, लाकडी हातोडीने कुटायची, २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायची आणि अर्धा किलो माती पिशवीत भरून प्रयोगशाळेत द्यायची. रासायनिक तपासणीसाठी ही रीत योग्यच आहे. पण मातीचे कण एकमेकांना कसे धरून आहेत, त्यांच्यामध्ये पोकळी किती आहे, पाणी कोणत्या वाटेने खाली जाते आणि मूळ कुठे अडते, हे सारे आपण नमुना प्रयोगशाळेत पोचण्याआधीच हातोडीने मोडून टाकलेले असते. त्यानंतर कितीही चांगल्या यंत्रावर ती माती तपासली, तरी घडणीविषयी ती काही सांगू शकत नाही.

येथे शब्दांचाही थोडा घोटाळा आहे. आपण सहज म्हणतो, ‘जमिनीचा पोत बिघडला.’ मृदाशास्त्रात पोत म्हणजे मातीतील वाळू, गाळ आणि चिकण कणांचे प्रमाण, आणि ते शेतकऱ्याच्या हयातीत सहसा बदलत नाही. बेसॉल्ट खडक झिजून झालेल्या आमच्या काळ्या जमिनीत चिकण मातीचे प्रमाण निम्म्याहून अधिक सापडते. आजेसासऱ्यांच्या वेळीही ते तितकेच असणार. बिघडते ती घडण, म्हणजे हेच कण एकत्र येऊन जे दाणे, जी लहान-मोठी ढेकळे बनतात त्यांची मांडणी. बांधकामातले उदाहरण घ्यायचे तर पोत म्हणजे विटा आणि घडण म्हणजे घर. विटा त्याच राहतात. खोल्या, दारे, खिडक्या उरल्या आहेत की सगळ्याचा ढिगारा झाला आहे, हा प्रश्न घडणीचा. आणि ही गोष्ट आपल्या हातातली आहे, म्हणून तिच्याविषयी बोलणे मला अधिक निकडीचे वाटते.

चांगल्या घडणीच्या मातीत निम्मी जागा पोकळीची असते. पाऊस किंवा पाणी दिल्यानंतर मोठ्या पोकळ्यांतले पाणी खाली निथळून तेथे हवा येते आणि बारीक पोकळ्यांत पिकासाठी ओल राहते. ही पोकळी टिकवून धरण्याचे काम एकटा कोणताच घटक करत नाही. चिकण मातीच्या कणांना कॅल्शियम जवळ आणतो, मुळांतून पाझरणारे द्रव आणि कुजणाऱ्या काडीकचऱ्यातले डिंकासारखे पदार्थ त्यांना चिकटवतात, बुरशीचे तंतू जाळ्यासारखे त्यांना बांधून ठेवतात, आणि गांडुळे माती खाऊन दाणेदार विष्ठेच्या रूपाने ती पुन्हा बाहेर टाकतात. सारा राइट या अमेरिकन शास्त्रज्ञ महिलेने १९९६ मध्ये मुळांवर राहणाऱ्या बुरशीशी निगडित असा ग्लोमॅलिन नावाचा चिकट पदार्थ मातीत शोधून काढला, तेव्हा या बांधणीत जिवंत मुळांचा वाटा किती मोठा आहे याकडे सर्वांचे लक्ष गेले. नत्राची कमतरता युरियाच्या एका पोत्याने भरून निघते. घडणीचे असे पोते बाजारात मिळत नाही.

काळ्या जमिनीला निसर्गाने आणखी एक देणगी दिली आहे. तिच्यातील चिकण माती पाणी पिऊन फुगते आणि वाळल्यावर आकसते, म्हणून उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांत वरची भुसभुशीत माती ढासळते, पुढच्या पावसात सगळी जमीन पुन्हा फुगते, आणि या उलथापालथीत दबलेली माती आपोआप मोकळी होते. जुनी माणसे चैत्र-वैशाखात रान तापू देत असत, त्याचे हेही एक कारण होते. आमच्याकडे मात्र लागण, खोडवा, पुन्हा खोडवा आणि लगेच नवी लागण असे चक्र चालते. बारा महिने पाटपाणी सुरू असते आणि रानाला भेग पडण्याची सवडच मिळत नाही. जमिनीची स्वतःला दुरुस्त करण्याची रीत आपण बंद केली आणि त्याच काळात तिच्यावर चालणाऱ्या यंत्रांचे वजन कितीतरी पटींनी वाढवले. ऊसपट्ट्यातील काळ्या जमिनी इतक्या लवकर घट्ट का झाल्या, याचे माझ्या मते हे मुख्य कारण आहे.

आता माझ्या रानातली गोष्ट सांगते. गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये लागणीच्या उसाला तोड आली. त्या आठवड्यात अवेळी पाऊस झाला होता आणि रान अजिबात घातीवर नव्हते. वाफशाला, म्हणजे रानात औत घालण्याजोगी बेताची ओल असण्याला, आमच्याकडे घात म्हणतात. माझे सासरे घात आली की नाही हे अनवाणी पायाने पाहत. पाऊल टाकून उचलले आणि तळव्याला माती चिकटून आली, तर ते बैल जुंपत नसत, मग शेजाऱ्याचे औत चालू असले तरी. मी तोडणीवाल्यांना आठ दिवस थांबण्याची विनंती केली. आत्ता नाही म्हटले तर पाळी जाईल आणि पुन्हा कधी येईल ते सांगता येणार नाही, असे उत्तर मिळाले. उसावर वर्षभराचा खर्च झालेला असतो, सोसायटीचे कर्ज असते. शेवटी मी होकार दिला. ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन रानात आला, भरल्यावर रुतला, त्याला ओढायला दुसरा ट्रॅक्टर आला. अर्ध्या रानात वीतभर खोल चाकोऱ्या पडल्या. उरलेल्या अर्ध्या रानातला ऊस पंधरा दिवसांनी, जमीन सुकल्यावर तुटला. दोन्हीकडे पुढची मशागत, पाणी आणि खत एकच होते. खोडव्यातला तो बारा टनांचा फरक या दोन अर्ध्यांमधला आहे.

या महिन्यात खोडवा तुटल्यावर मी दोन खड्डे घेतले. एक चाकोरीच्या जागी आणि दुसरा बांधालगत, जिथे कित्येक वर्षे हराळी आणि गवताशिवाय काही नाही व जिथून औत वळत नाही. दोन्ही दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल. बांधालगतच्या खड्ड्याची बाजू खुरप्याच्या टोकाने हलकेच उकरली की माती ज्वारीच्या, हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या कणांत सुटत होती. गवताची पांढरी मुळे सरळ खाली गेलेली दिसत होती आणि वीतभर जागेत गांडुळांची चार-पाच बिळे होती. चाकोरीतल्या खड्ड्यात वरची चार बोटे माती रोटाव्हेटरच्या फिरत्या पात्यांनी पिठासारखी झालेली होती. तिच्याखाली, साधारण सात ते दहा इंचांच्या पट्ट्यात, मातीचे आडवे पापुद्रे एकावर एक बसलेले होते. खुरपे तिथे अडकले आणि पहारीने तोडलेला तुकडा तव्यासारखा सपाट निघाला. त्याच्या खालच्या अंगाला फाळ घासून गेल्याची चकाकी होती. उसाची मुळे त्या थरापर्यंत येऊन काटकोनात वळली होती, दोन पापुद्र्यांच्या मध्ये शिरून फितीसारखी चपटी झाली होती. मातीवर निळसर राखाडी डाग होते आणि तिला कुबट वास येत होता. पाणी साचून हवा न मिळालेल्या मातीला असा वास येतो. त्या थराच्या खाली माती पुन्हा बरी होती, ओलसर होती, पण तिच्यात मूळ जवळजवळ नव्हते. दहा इंचांच्या खाली जी ओल आणि जे अन्न होते, ते पिकाच्या ताटात वाढलेच नव्हते म्हणा.

(हे पाहताना एक काळजी घ्यावी. खोल काळ्या जमिनीत दीड-दोन फुटांच्या खाली तिरपे, गुळगुळीत, चमकणारे पृष्ठभाग सापडतात. ते माती फुगताना थर एकमेकांवर घासल्यामुळे झालेले असतात आणि काळ्या मातीत ते स्वाभाविक आहेत. दोष पाहायचा तो नांगराच्या आणि चाकाच्या खोलीवरचा आडवा थर.)

दुसरी परीक्षा घरातच करता येते. दोन काचेचे पेले घ्यावेत आणि त्यांत पावसाचे साठवलेले किंवा बॅटरीत घालायचे पाणी भरावे. विहिरीचे खारवट पाणी घेऊ नये, कारण क्षारांमुळे खरा निकाल झाकला जातो. एका पेल्यात बांधावरच्या मातीचे सुपारीएवढे वाळलेले ढेकूळ आणि दुसऱ्यात रानातले तेवढेच ढेकूळ अलगद सोडावे. माझ्या पेल्यांत बांधावरच्या ढेकळातून बुडबुडे आले, पण तासाभराने ते जवळपास तसेच होते आणि पाणी स्वच्छ होते. रानातले ढेकूळ पाच मिनिटांत ढासळून तळाशी पसरले. नुसते ढासळले तर त्याचा अर्थ सेंद्रिय पदार्थ कमी पडले आहेत. पण काही तासांनी ढेकळाभोवती दुधाळ वलय उठले आणि पाणी गढूळच राहिले, तर मातीचे कण सुटे होत आहेत, म्हणजे सोडियम वाढला असण्याची शक्यता आहे आणि जमीन चोपण होण्याच्या वाटेवर आहे असे समजावे. माझ्या रानाच्या नदीकडच्या टोकाच्या मातीने असे वलय दाखवले. त्या टोकाचा वेगळा नमुना मी कधी दिलाच नव्हता.

ओल्या रानात यंत्र गेल्याने एवढे नुकसान का होते, हे समजून घेतले पाहिजे. कोरड्या मातीचे दाणे एकमेकांना टेकून भार पेलतात. ओल जास्त असली की ते लोण्यासारखे मऊ होतात, चाकाखाली घसरून एकमेकांत मिसळतात आणि मोठ्या पोकळ्या आधी बंद होतात. चाक पहिल्यांदा फिरते तेव्हाच बहुतेक दाब बसतो. त्याच वाटेने नंतर कितीही फेऱ्या झाल्या तरी त्यात थोडीच भर पडते. वरच्या थराचे नुकसान मुख्यतः टायरच्या हवेच्या दाबावर अवलंबून असते, तर खोलवरचे नुकसान आसावर येणाऱ्या एकूण वजनावर, म्हणून टायर रुंद केले की सगळे भागले असे होत नाही. दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस भरला जातो. ऊसतोडणी यंत्राचे वजनही तसेच भारी असते. पूर्वीच्या बैलगाडीत दोन-अडीच टन ऊस मावत असे, आणि ती ठरलेल्या चाकोरीने जात असे. चाकोरी सोडू नये, हे त्या काळी रानालाही लागू होते. आज ट्रॅक्टर रानात वाटेल तिथून वळतो आणि एकाच हंगामात शेताचा फारच थोडा भाग चाकाखालून सुटतो.

वाफसा ओळखण्याची आणखी एक रीत सांगते, कारण तळव्याची परीक्षा केवळ वरच्या थराची आहे. चार-सहा इंच खोलीवरची माती घेऊन तळहातांवर वळावी. तीन मिलिमीटर जाडीची, म्हणजे बारीक शेवेसारखी वळी न तुटता वळली, तर रानात यंत्र घालू नये. वळता वळता तुकडे पडू लागले की घात आली. ही परीक्षा करायला मिनिटसुद्धा लागत नाही. माझ्या रानात ट्रॅक्टर आला त्या सकाळी मातीच्या वळ्या साच्यातून कुरडई पडावी तशा अखंड निघाल्या असत्या.

उपायांविषयी लिहिताना मी काळजीपूर्वक लिहिते, कारण एकच औषध सर्व जमिनींना चालत नाही. सबसॉयलरने दीड-दोन फूट खोल चिरून घट्ट थर फोडता येतो, पण ते काम उन्हाळ्यात जमीन कोरडी खडखडीत असतानाच केले पाहिजे. ओलीत सबसॉयलर चालवला, तर थर फुटत नाही, त्यात नुसती सुरीने कापल्यासारखी चीर पडते आणि चिरेच्या बाजू आणखी लिंपल्या जातात. थर फुटल्यावर त्या फटींत मुळे आणि सेंद्रिय पदार्थ गेले नाहीत, तर एक-दोन हंगामांत सगळे पुन्हा बसते. म्हणून सबसॉयलरनंतर ताग किंवा धैंचा यांसारखे हिरवळीचे पीक पेरून सहा-सात आठवड्यांनी, फुलावर येताना गाडणे, हे त्याच कामाचा दुसरा भाग मानले पाहिजे. रोटाव्हेटरविषयी माझे मत स्पष्ट आहे. बी पेरण्यापुरते ढेकूळ फोडायला तो सोयीचा आहे, पण दरवर्षी, त्याच खोलीवर, तीन-तीन पाळ्या मारल्याने वरची माती पीठ होते आणि खाली पात्यांनी चोपलेला थर तयार होतो. पहिल्याच जोराच्या पावसात ते पीठ बसून वर पापुद्रा धरतो आणि सोयाबीनचा कोंब त्याखाली वाकडा होतो. कुळवाच्या एका पाळीत जे काम भागते, त्याला रोटाव्हेटर लावू नये.

खोडव्यातील पाचटाचे, म्हणजे तोडणीनंतर रानात राहणाऱ्या उसाच्या वाळक्या पाल्याचे, तर आपल्याकडे संशोधनही पूर्ण आहे आणि शिफारसही. हेक्टरी ८ ते १० टन पाचट मिळते. ते जाळण्याऐवजी सरीत पसरून, टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धन टाकून जागेवरच कुजवावे. बुडखे जमिनीलगत छाटावेत. बगला (सरीच्या बाजू) औताने फोडण्याऐवजी पहारीने भोके पाडून खत द्यावे. या पद्धतीत खोडव्याच्या पूर्ण वर्षात रानात नांगर किंवा रोटाव्हेटर घालावा लागत नाही, आणि घडणीच्या दृष्टीने हा सगळ्यांत मोठा लाभ आहे. मी चार वर्षांपूर्वी पाचट जाळणे बंद केले. पहिल्या वर्षी उंदरांचा आणि पाणी पुढे न सरकण्याचा त्रास झाला, हे मान्य केले पाहिजे. दुसऱ्या वर्षापासून पाचट एक आड एक सरीत ठेवून मोकळ्या सरीतून पाणी दिले आणि तो प्रश्न बराच सुटला. बांधाजवळ दिसली तशी गांडुळांची बिळे आता सरीतही दिसू लागली होती. गेल्या नोव्हेंबरच्या एका दिवसाने त्यातले अर्ध्या रानातले काम वाया गेले, म्हणून माझे मन अधिक दुखावले आहे.

चोपण जमिनीची गोष्ट वेगळी आहे. जिथे मातीच्या कणांना चिकटलेल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारख्या घटकांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांच्या वर गेला, तिथे कण एकमेकांना धरूनच राहत नाहीत. तिथे शेणखत, ताग, सबसॉयलर यांपैकी कशानेही एकट्याने घडण परत येत नाही. आधी निचरा हवा. निचऱ्याची सोय करून, परीक्षणाने ठरवलेल्या मात्रेत जिप्सम वरच्या थरात मिसळले की त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर बाहेर जातो. चर किंवा भूमिगत सच्छिद्र पाइप नसतील, तर तो जाणार कुठे? चुनखडी जास्त असलेल्या जमिनीत जिप्समऐवजी गंधक किंवा प्रेसमड (साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरलेला गाळ) अधिक उपयोगी पडते. विहिरीचे पाणीही तपासून घ्यावे. आमच्याकडे अनेकांची माती दोन वेळा तपासून झाली आहे, पाणी एकदाही नाही. हे ज्ञान नवे नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी १९१० च्या सुमारास नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास केला होता, म्हणजे कालव्याचे पाणी आल्यावर काळ्या जमिनीचे काय होते हे शंभर वर्षांपूर्वीच महाराष्ट्रात नोंदले गेले आहे. आज आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात कसबे डिग्रज येथे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र याच प्रश्नावर काम करते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत आमची राने कित्येक दिवस पाण्याखाली राहिली. पाणी ओसरल्यावर पंचनाम्यात पीक मोजले गेले, पण पाण्याने जमिनीच्या घडणीचे काय केले हे कोणी पाहिले नाही.

हा प्रश्न केवळ ऊसपट्ट्याचा आहे असेही नाही. कोकणात भातासाठी दरवर्षी चिखलणी करतात, म्हणजे घडण मुद्दाम मोडतात, आणि मागून कडधान्य घेताना जमीन दगडासारखी होते. रायगड जिल्ह्यात नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रूढ केलेल्या सगुणा तंत्रात गादीवाफे मोडायचे नाहीत आणि पिकाची मुळे जमिनीतच ठेवायची, एवढ्या दोन नियमांनी ही साखळी तोडली आहे. मराठवाडा-विदर्भात रुंद वरंबा सरीवर पेरलेले सोयाबीन अतिवृष्टीतही तग धरते, कारण मुळांभोवतीच्या मातीत हवा राहते. नांगरट पूर्ण सोडावी, असा आग्रह धरणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. जिथे आधीच दहा इंचांवर थर बसला आहे किंवा निचरा नाही, तिथे नुसती नांगरट बंद करून मूळ खाली जाणार नाही.

यासाठी कृषी विभागाकडे माझी पहिली मागणी अशी की मृदा आरोग्य पत्रिकेवर घडणीसाठी एक रकाना असावा आणि तो प्रयोगशाळेत नव्हे, तर शेतात भरला जावा. स्कॉटलंडमधील मृदाशास्त्रज्ञ ब्रूस बॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये फावड्याने काढलेला मातीचा ठोकळा हाताने उकलून त्याला १ ते ५ असे गुण देण्याची पद्धत मांडली; १ म्हणजे उत्तम आणि ५ म्हणजे अगदी दबलेली माती. त्यासाठी फावडे, चित्रांचा एक तक्ता आणि वीस-पंचवीस मिनिटे एवढेच लागते. आपल्या काळ्या, तांबड्या आणि भातखाचरांच्या मातीसाठी असा चित्रांचा तक्ता मराठीत तयार करणे विद्यापीठांना आणि नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेला अवघड नाही. कृषी सहायकाने नमुना घेतानाच हा ठोकळा पाहावा, पेल्यातली परीक्षा करावी, आणि १५ सेंटीमीटर व्यासाचा बुड काढलेला डबा जमिनीत थोडा ठोकून त्यात ४५० मिलिलिटर, म्हणजे एक इंच पाणी ओतून ते मुरायला किती वेळ लागतो हे लिहावे. माझ्या बांधाजवळ दुसऱ्यांदा ओतलेले पाणी अर्ध्या तासाच्या आत मुरले. चाकोरीत दुपारी ओतलेले संध्याकाळी धार काढायला जाताना अजून डब्यात होते.

दुसरी मागणी साखर कारखान्यांकडे आहे. तोडीचा कार्यक्रम आज उसाचे वय, जात आणि नोंदणीची तारीख पाहून ठरतो. त्यात रानाचा वाफसाही धरावा. शेतकऱ्याने रान ओले असल्याचे कळवल्यास त्याची पाळी न जाता आठ-पंधरा दिवस पुढे सरकावी, आणि दरम्यान हलक्या किंवा निचऱ्याच्या जमिनीतला ऊस तोडावा. शक्य असेल तिथे भरलेल्या ट्रॉल्या रानात न नेता बांधाकडेच्या ठरलेल्या वाटेवर उभ्या कराव्यात. पाच फुटी सरी असेल, तर चाके नेहमी त्याच सरींतून जातील असे पाहता येते. मग रानाचा थोडा भाग दबेल, पण बाकीचे रान सुटेल. तोडणी मजुरांना मोळ्या थोड्या लांब वाहून आणाव्या लागतील, हे मला कळते, आणि त्याचे वेगळे पैसे देण्याची माझ्यासारख्या अनेकांची तयारी आहे. बारा टन उसाच्या किमतीपुढे ते पैसे फार नाहीत.

अवजारांच्या अनुदानाविषयीही एक शब्द. रोटाव्हेटर अनुदानावर सहज मिळतो आणि तो गावोगाव दिसतो. सबसॉयलर आणि पाचटाची कुट्टी करणारे यंत्र भाड्याने शोधायला मला तीन गावे फिरावे लागले. ही दोन अवजारे वर्षातून काही दिवसच लागतात, म्हणून ती प्रत्येकाने विकत घेण्यापेक्षा गावच्या सोसायटीकडे भाड्याने मिळण्याची सोय झाली तर लहान शेतकऱ्यालाही ती वापरता येतील.

माझ्या रानातले दोन्ही खड्डे मी मुद्दाम उघडे ठेवले आहेत आणि भोवती काट्या लावल्या आहेत. कृषी सहायकांना आणि आमच्या गटाच्या शेती अधिकाऱ्यांना ते पाहण्याचे निमंत्रण दिले आहे. नवी लागण करायची असल्याने माघ संपेपर्यंतच ते ठेवता येतील. आसपासच्या ज्या शेतकऱ्यांना आपल्या मातीशी ताडून पाहायचे असेल, त्यांनी तोवर जरूर यावे आणि येताना आपल्या रानातले सुपारीएवढे वाळलेले ढेकूळ सोबत आणावे. पेले आणि पाणी बांधावर ठेवलेले आहे.

आपली,
एक शेतकरी
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर